चंक्रमण आणि जंताघर



गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एका नामकरण विधीसाठी आम्ही बोदवडला गेलो होतो. मुक्काम पडला. पहाटे पाचच्या सुमारास जाग आली ती बुटांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहतो तो वस्तीतली सात-आठ मुले मलकापूर रस्त्याने धावत निघालेली. पोलीस भरतीची तयारी! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एवढ्यावर या लेकरांचे सारे आयुष्य टांगलेले आहे. त्यांत दोन मुलीही होत्या, हे पाहून मन सुखावले.

चहाच्या वेळी यजमानांच्या शेजारच्या एक ताई येऊन बसल्या. यजमान त्यांचे मार्केटात हमाल. थोरला मुलगा त्या धावणाऱ्या मुलांपैकीच, पण त्या दिवशी तो घरी झोपून होता. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना, मग आमच्या पोराचं एवढं सांगा. चार दिवसांमागं त्याला चक्कर येऊन पडला. दोन बाटल्या सलाईन लावली तेव्हा डोळे उघडले."

मुलाशी बोललो तेव्हा हकीगत कळली. कोणीतरी त्याला सांगितले होते की अंगातले पाणी गेले की माणूस हलका होतो आणि हलका माणूस जोरात धावतो. जवळच्या मोठ्या गावात एका व्यायामशाळेत वाफेची खोली आहे. मित्राच्या ओळखीने तो तिथे गेला. आधी तासभर व्यायाम केला, तोही अंगात प्लास्टिकचे जाकीट घालून. पाणी प्यायचे नाही असा पण. मग तसाच वाफेच्या खोलीत जाऊन बसला. किती वेळ बसला ते त्यालाही आठवत नाही. बाहेर काढले तेव्हा ओठ पांढरे पडले होते आणि तो काहीबाही बडबडत होता.

"ही वाफ चांगली का वाईट, ते एकदा लिहून टाका," ताई म्हणाल्या. आम्ही हो म्हटले.

खरे सांगायचे तर आमचे पहिले मत असे होते की यात लिहिण्यासारखे काही नाही. परदेशात, जिथे बर्फ पडतो, तिथे लाकडाच्या खोलीत दगड तापवून लोक घाम काढत बसतात. त्याला सौना म्हणतात. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वर पत्र्याचे छप्पर, खाली फरशी तापलेली. आपले घरच सौना! पैसे देऊन घाम काढायला कोण जाईल? असे म्हणून आम्ही हा विषय बाजूला सारणार होतो. पण घरी आल्यावर विनयपिटक उघडले आणि थक्क झालो. धम्मबांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की व्यायाम आणि त्यानंतरचा घाम ही जोडी खुद्द तथागतांनी भिक्खूंना घालून दिली होती.

गोष्ट वैशालीची आहे. चुल्लवग्गात ती येते. वैशालीचे उपासक भिक्खूंना रोज पाळीपाळीने उत्तम भोजन देत. गोडधोड, तूप, पक्वान्न. खाणे भारी आणि हालचाल कमी. परिणाम व्हायचा तोच झाला. भिक्खूंची शरीरे जड झाली, दुखणी वाढली. त्या वेळी जीवक काही कामाने वैशालीला आला होता. त्याने भिक्खूंची ही अवस्था पाहिली आणि सरळ भगवंतांकडे जाऊन विनंती केली की भिक्खूंना चंक्रमण आणि जंताघर या दोन गोष्टींची परवानगी द्यावी, म्हणजे त्यांची दुखणी कमी होतील. भगवंतांनी परवानगी दिली. चंक्रमण म्हणजे येरझाऱ्या घालणे, चालण्याचा व्यायाम. जंताघर म्हणजे अग्नी पेटवून तापवलेली, घाम काढण्याची खोली.

हा जीवक कोण, ते बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्यांना सांगायला नको. राजगृहात जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल. राजपुत्र अभयने उचलून वाढवले. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकून तो एवढा मोठा वैद्य झाला की मगधाचा राजा आणि भिक्खुसंघ दोघेही त्याच्या औषधावर विसंबून राहिले. उकिरड्यावरच्या मुलाने सुचवलेली गोष्ट संघाचा नियम झाली.

आम्हाला सर्वांत भावले ते पुढचे. परवानगी देऊन भगवंत थांबले नाहीत. जसजशी अडचण येत गेली तसतसा नियम होत गेला. चंक्रमणाची जागा उंचसखल होती, पाय दुखत. ती सपाट करा. कडेवरून भिक्खू पडले, कठडा बांधा. उन्हाने, थंडीने त्रास होतो. वर छप्पर घाला. जंताघराचेही तसेच. पाणी शिरते, तर जोते उंच करा. धूर कोंडतो, तर धुराडे ठेवा. खोली लहान असेल तर चूल एका बाजूला, मोठी असेल तर मधोमध. विस्तवाची धग तोंडाला लागते, तर तोंडाला माती लावा. अंग भाजते, तर आत पाणी नेऊन ठेवा. चिखल होतो, तर फरशी घाला आणि पाणी जायला मोरी काढा. जमिनीवर बसून अंगाला खाज सुटते, तर बसायला पाट घ्या. एखादा अनुभवी गवंडी बोलतो आहे असे वाचताना वाटते.

वागण्याचे नियम तर आजच्या कोणत्याही व्यायामशाळेच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. वडीलधाऱ्यांना खेटून बसू नये, पण नव्यांना त्यांच्या जागेवरून उठवूही नये. शक्य असेल तर थोरांचे अंग चोळून द्यावे. जो शेवटी बाहेर पडेल त्याने खोली धुवावी, पाट जागेवर ठेवावा, विस्तव विझवावा आणि दार लावून निघावे.

याच प्रकरणात एक प्रसंग आहे. सहा जणांची एक खोडकर भिक्खूंची टोळी होती. विनयात त्यांचे नाव वारंवार येते. थेरांनी नको म्हटले तरी त्यांनी जंताघरात लाकडांचा ढीग घातला, पेटवला, दार बंद केले आणि दाराशीच ठाण मांडून बसले. आतले वृद्ध भिक्खू उष्णतेने कासावीस झाले. दार सापडेना. मूर्च्छा येऊन ते कोसळले. त्यानंतर भगवंतांनी तसे करण्यास मनाई केली.

दार. बोदवडच्या त्या मुलाची हकीगत ऐकल्यावर आणि हा प्रसंग वाचल्यावर आमच्या लक्षात आले की सारी गोम त्या दारात आहे.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेर तापले की रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त कातडीकडे धावते, हृदय जोरात चालते आणि घाम सुटतो. घाम नुसता सुटून भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. फिनलंडच्या सौनात हवा ८० ते १०० अंश तापलेली असते, पण ती कोरडी असते. म्हणून माणूस तिथे दहा-पंधरा मिनिटे बसू शकतो. वाफेच्या खोलीत तापमान त्याच्या निम्मे असते, पण हवेत ओल भरलेली असते. घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. प्लास्टिकच्या जाकिटाचे तेच. घाम निघतो, पण वाळायला जागा नाही. म्हणजे आमच्या त्या मुलाने माठाला प्लास्टिक गुंडाळले आणि वरून तो चुलीजवळ ठेवला.

आणि हलके होण्याचे म्हणाल तर ती शुद्ध फसवणूक आहे. सौनात एका बैठकीला अर्धा लिटरपर्यंत घाम जातो. काट्यावर वजन तेवढे कमी दिसते. पण ते पाणी आहे, चरबी नाही. तांब्याभर पाणी प्याले की वजन जागेवर. पाणी न पिता धावाल तर रक्त घट्ट होते, हृदयाला जास्त जोर लागतो आणि वेळ घटण्याऐवजी वाढते. २०२४ साली झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत धावण्याच्या चाचणीच्या वेळी दहाहून अधिक उमेदवार दगावले. नोकरीच्या आशेने गेलेली लेकरे होती ती.

मग फायदा काही आहे की नाही? आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. फिनलंडच्या कुओपिओ भागातल्या ४२ ते ६० वर्षे वयाच्या २३१५ पुरुषांवर तिथल्या डॉक्टरांनी सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले. २०१५ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सौना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून मरण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. अर्थात रोज निवांत बसायला ज्याला सवड आहे त्याचे बाकीचे जगणेही बरे असणार, तेव्हा सारे श्रेय घामाला देता येणार नाही. दुसरा प्रयोग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. तिथल्याच युवास्कुला विद्यापीठात ४७ जणांवर आठ आठवडे तो झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सारी बैठ्या कामाची माणसे होती. काहींनी नुसता व्यायाम केला, काहींनी व्यायामानंतर १५ मिनिटे सौना घेतला. सौना घेणाऱ्यांचा दम अधिक वाढला आणि रक्तदाबही अधिक उतरला. माणसे थोडी आहेत, म्हणून फार मोठा दावा करू नये. पण जीवकाने वैशालीला जे सांगितले ते हेच: आधी चाला, मग घाम काढा.

त्याशिवाय आखडलेले स्नायू मोकळे होतात, सांध्यांना बरे वाटते आणि रात्री झोप चांगली लागते. हे तर ज्याने दिवसभर पोती उचलून रात्री कढत पाण्याने अंघोळ केली आहे त्याला कोणा विद्यापीठाने सांगायला नको.

फिनलंडमध्ये हा काही श्रीमंतांचा शौक नाही, हेही सांगितले पाहिजे. साधारण ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत. शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी ते बांधले. गावाकडच्या बायका पूर्वी तिथेच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत स्वच्छ आणि उबदार खोली तीच. आपल्याकडेही बाळंतिणीला शेक-शेगडी असतेच की. खाटेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. आमच्या मते शेक चांगला, पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला ना रंग ना वास. माय-लेकरू झोपेतच जाते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे मरतात तीही याच वायूने. अडीच हजार वर्षांपूर्वी जंताघराला धुराडे ठेवायला सांगितले होते, आपण निदान खिडकी तरी उघडी ठेवावी. आणि दुसरे असे की बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जी रीत आहे ती सोडा. एकीकडे घाम काढायचा, दूध पाजायचे आणि प्यायला घोटभर पाणी, हे कुठले शहाणपण? आमच्या आजीने हेच केले, तिच्या आजीनेही केले असेल. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

जुन्या वैद्यकात घामाचा विचार बारकाईने झालेला आहे. चरकाने अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले, त्यातल्या एकाचे नाव 'जेन्ताक' आहे. गोल खोली, मधे भट्टी. जंताघराशी नावाचे साम्य उघड आहे. शिवाय अग्नीविना घाम येण्याचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांत व्यायाम आहे, ऊन आहे, जाड पांघरूण आहे, आणि भूक, भय व रागही आहे. भूक, भय आणि राग! या तिघांचा घाम आपल्या मागच्या पिढ्यांनी किती काढला, त्याचा हिशेब कोणत्या ग्रंथात नाही.

चहा घेत असता त्या मुलाचे वडील आले. रात्रीची गाडी खाली करून आले होते. अंगावरचा सदरा वाळून पांढरा झालेला, मिठाचे पट्टे उमटलेले. आम्ही वाफेच्या खोलीबद्दल विचारले तर हसले. "आम्ही रोजच वाफेत असतो. त्याला पैसे मिळतात, थोडे का होईना."

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मग फिनलंडच्या माणसाला घाम मानवतो आणि हमालाला का मानवत नाही? घाम तोच आहे. पण सौनात बसलेला माणूस पंधरा मिनिटांनी उठतो, दार उघडतो, गार पाणी अंगावर घेतो, पाणी पितो, आडवा होतो. शरीराला जो फायदा होतो तो या सगळ्याने मिळून होतो. तापण्याने अर्धा आणि निवण्याने अर्धा. हमालाला, वीटभट्टीवरच्या जोडप्याला, जिनिंगमध्ये सरकी उपसणाऱ्या बाईला, पत्र्यावर चढलेल्या वेल्डरला उठण्याची मुभा नसते. तापणे त्यांच्या वाट्याला, निवणे कोणाच्याच हिशेबात नाही. दाराशी दुसराच कोणी बसलेला असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे भर उन्हात उघड्या मैदानावर बसली होती. मंचावर सावली होती. १४ माणसे उष्माघाताने गेली.

म्हणून आमचे ताईंना उत्तर असे आहे. वाफ वाईट नाही, पण ती तापलेल्या, तहानलेल्या माणसासाठी नाही. बोदवडसारख्या गावात मार्च ते जून हा विषयच काढू नये. पहाटे धावावे, ऊन चढायच्या आत घरी यावे, सावलीत बसावे आणि साध्या पाण्याने अंग धुवावे. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र व्यायामानंतर घामाचा लाभ घरीच घेता येतो. धावून आल्यावर आधी दहा मिनिटे हळूहळू चालावे. हेच आपले चंक्रमण. छातीची धडधड बसू द्यावी. दोन पेले पाणी प्यावे. मग सोसवेल इतपत गरम पाण्याची एक बादली घ्यावी, निम्मी पायांसाठी, निम्मी अंगासाठी. घंघाळ असेल तर पोटऱ्या बुडतील इतक्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे. बांधावरच्या निर्गुडीचा पाला पाण्यात उकळला तर वास चांगला येतो आणि अंग मोकळे वाटते. बोदवडला पाण्याची ओढाताण आम्ही पाहिली आहे, नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. त्यामुळे एका बादलीच्या वर आम्ही सांगणारच नाही, आणि ते पाणीही परसातल्या झाडाला जावे. सरपण वाचवायचे तर काळा रंग दिलेला पिंप दिवसभर उन्हात ठेवावा, संध्याकाळी पाणी कोमट मिळते.

कोणाला खऱ्या वाफेच्या खोलीत जायला मिळालेच तर पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत, पुढेही पंधराच्या वर नको. एकट्याने जाऊ नये. दारू पिऊन तर मुळीच जाऊ नये. फिनलंडमध्येही सौनात जे मरतात त्यांत दारू प्यायलेले पुष्कळ असतात. गरोदर बाई, हृदयविकाराचा रोगी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, ताप असलेला माणूस, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि पैजा लावू नयेत. फिनलंडमध्येच हाइनोला गावी जास्तीत जास्त वेळ कोण बसतो याच्या जागतिक स्पर्धा होत. २०१० मध्ये ११० अंशांत बसलेला एक स्पर्धक अंतिम फेरीत मेला. त्यानंतर त्या स्पर्धाच बंद झाल्या.

घाम फार गेला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ जास्त पडू देऊ नये. घोट घोट प्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल असे तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, काखेत व मानेला ओली फडकी ठेवा, आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे यात वेळ घालवू नका.

हे सारे आम्ही त्या दिवशीच ताईंना थोडक्यात सांगितले आणि लिहून पाठवण्याचे कबूल करून निघालो. त्यानंतर मुलांनी आपापसांत ठरवून एक माठ विकत घेतला. तो धावण्याच्या वाटेवर एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवला आहे. भरण्याची पाळी लावली आहे, मुलींचीही. कोणी पाळी चुकवली तर त्याने दुसऱ्या दिवशी दोन खेपा करायच्या. प्लास्टिकचे जाकीट ताईंनी फाडून त्याचे सरपण झाकायला घेतले. मुलाने आठवडाभर विश्रांती घेतली आणि मग पुन्हा सुरुवात केली. परवा त्याचा फोन आला होता. १६०० मीटरला ५ मिनिटे ४० सेकंद लागली म्हणाला. अजून अर्धा मिनिट कमी करायचा आहे.